'रोनिन' पुन्हा पाहताना: कमी बोलणाऱ्या थरारपटाचा गुंता कसा सोडवावा

जॉन फ्रँकनहायमर यांनी दिग्दर्शित केलेला आणि १९९८ साली प्रदर्शित झालेला 'रोनिन' एकदा पाहिलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास आठवतात: मोटारींचे जीवघेणे पाठलाग आणि एक रुपेरी पेटी. ती पेटी कोणाची होती, ती कोणाला हवी होती आणि शेवटी नायक सॅम नक्की कोणासाठी काम करत होता, असे विचारले की मात्र उत्तर अडखळते. कथानक अर्धवट सोडले आहे, असा समज त्यातून सहज होतो. पहिल्यांदा पाहिल्यावर माझाही तोच समज झाला होता. तीन-चार वेळा पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या चित्रपटात लपवलेले फार थोडे आहे. बहुतेक सारे डोळ्यांसमोर घडते, फक्त ते कोणी बोलून दाखवत नाही. माहिती मिळते ती हातांच्या हालचालींतून, कोण कुठे उभा आहे यावरून आणि कोणता प्रश्न कोणी विचारला यावरून. त्यामुळे 'दुसऱ्यांदा नीट लक्ष देऊन पाहा' एवढा सल्ला पुरत नाही. लक्ष कशाकडे द्यायचे हे आधी ठरवून बसावे लागते. ते कसे ठरवावे, हे पुढे क्रमाने मांडले आहे. चित्रपट एकदा तरी पाहिलेल्यांसाठी हे लिहीत असल्यामुळे शेवटासह सर्व गोष्टींचा उल्लेख येईल.

बसण्यापूर्वीची तयारी

पहिले काम चित्रपट सुरू करण्याआधीचे आहे. एक कोरा कागद घ्यावा आणि आठवते तसे कथानक दहा-बारा ओळींत लिहून काढावे. आठवत नसेल तिथे अंदाज न लिहिता जागा रिकामी सोडावी. या रिकाम्या जागा फार मोलाच्या आहेत, कारण बहुतेकांच्या कागदावर त्या ठरावीक ठिकाणीच पडतात: फ्रान्समधल्या नीस शहरातल्या चकमकीनंतर पेटी कोणाकडे गेली, आर्ल्समध्ये कोण कोणाला भेटायला आला होता, आणि बर्फावरील नृत्याच्या कार्यक्रमाचा या सगळ्याशी काय संबंध. कथा आधी दुसरीकडे वाचून घेण्याचा मोह टाळावा. दुसऱ्याने लिहिलेला सारांश वाचला की आपण चित्रपटात तो सारांशच शोधत बसतो.

पार्श्वभूमीच्या मात्र दोन गोष्टी माहीत असाव्यात. पहिली शीर्षकाची. रोनिन म्हणजे धनी गमावलेला सामुराई. जपानच्या इतिहासातील ४७ रोनिनांची कथा अशी की १७०१ साली त्यांच्या सरदाराला शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, वाड्यात शस्त्र उपसल्याबद्दल आत्महत्येची शिक्षा झाली. त्यांनी दीर्घकाळ वाट पाहून सूड घेतला आणि १७०३ साली त्यांनाही तीच शिक्षा भोगावी लागली. दुसरी गोष्ट काळाची. चित्रपटातील डियर्ड्रा आणि शेमस हे आयरिश बंडखोर आहेत. उत्तर आयर्लंडमधील अनेक दशकांचा रक्तपात थांबवणारा गुड फ्रायडे करार १० एप्रिल १९९८ रोजी झाला आणि हा चित्रपट त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पडद्यावर आला. शेवटच्या प्रसंगात रेडिओवरून ऐकू येणाऱ्या बातमीचे वजन हे ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.

उपशीर्षके चालू ठेवावीत. पात्रे इंग्रजी बोलतात, पण उच्चार आयरिश, फ्रेंच, रशियन असे निरनिराळे आहेत आणि महत्त्वाची नावे बरेचदा एकदाच, तीही हलक्या आवाजात, उच्चारली जातात.

पहिली बैठक: फक्त पेटीच्या मागे

चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे. पहिल्या बैठकीत तो न थांबवता सलग पाहावा आणि या वेळी बाकी सर्व सोडून फक्त पेटीवर नजर ठेवावी. हातात कागद असावा आणि पेटी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की एक ओळ लिहावी: कोणाकडून, कोणाकडे, कोणत्या गावात. पेटीत काय आहे हा प्रश्न मनात आला तरी तो बाजूला ठेवावा, कारण त्याचे उत्तर चित्रपट देत नाही आणि ते मिळाले असते तरी गुंता सुटायला त्याची मदत झाली नसती.

माझ्या कागदावरची नोंद साधारण अशी आहे. सुरुवातीला पेटी सशस्त्र रक्षकांच्या ताब्यात असते. शेमसच्या वतीने डियर्ड्रा ती हस्तगत करण्यासाठी भाडोत्री माणसे जमवते. रशियन टोळीलाही तीच पेटी हवी असते. ला त्युर्बी येथे ताफ्यावर हल्ला होतो, पाठलाग नीसमध्ये पोहोचतो आणि तिथल्या गोंधळात संघातलाच ग्रेगोर खरी पेटी घेऊन पसार होतो; संघाच्या हाती उरते ती बनावट. ग्रेगोर ती रशियनांना विकू पाहतो, पण भेटायला आलेला माणूसच दगा करतो, तेव्हा ग्रेगोर त्याला मारतो आणि टोळीचा म्होरक्या मिखी याच्याकडून दुसरी भेट कबूल करून घेतो. आर्ल्समधील प्राचीन रोमन रंगमंडलात ही भेट उधळली जाते आणि ग्रेगोर शेमसच्या तावडीत सापडतो. मारहाणीनंतर तो पेटीचा ठावठिकाणा सांगतो आणि पॅरिसच्या एका टपाल कार्यालयातून ती बाहेर निघते. त्यानंतरच्या पाठलागात डियर्ड्रा चालवत असलेली मोटार अर्धवट बांधलेल्या उड्डाणपुलावरून खाली कोसळते आणि पेटी घेऊन ग्रेगोर पुन्हा निसटतो. शेवटी बर्फावरील नृत्याचा कार्यक्रम चालू असलेल्या झेनित सभागृहात मिखी ग्रेगोरला मारून पेटी घेतो आणि बाहेर पडताच शेमस मिखीला मारून ती हिसकावतो.

एवढे लिहून झाल्यावर कागदाकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. सॅम आणि व्हिन्सेंट, म्हणजे ज्यांच्या मागे आपण दोन तास धावलो ती माणसे, या यादीत पेटीचे धनी जवळजवळ कधीच नसतात. खरी पेटी त्यांच्या हाती टिकतच नाही. ही यादी केल्याशिवाय हे माझ्या लक्षात आले नव्हते आणि पुढच्या बैठकीचा रस्ता इथूनच निघतो: ज्या माणसाला पेटी मिळत नाही आणि तरीही तो हरत नाही, तो मुळात पेटीसाठी आला होता का?

दुसरी बैठक: सॅमचे प्रश्न

दोन बैठकींमध्ये दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवावे. लगेच बसल्यास कान संवाद ऐकत नाहीत, नुसते ओळखतात. या वेळी रिमोट हाताशी असावा आणि थांबवत, मागे जात पाहावे.

पहिली पाच-सात मिनिटे दोनदा पाहण्याची मी आग्रहाने शिफारस करतो. पॅरिसमधील माँमार्त्रच्या उतारावरील दगडी पायऱ्या, रात्र, ओलसर उजेड. रॉबर्ट डी नीरोचा सॅम पायऱ्या उतरून येतो, पण समोरच्या छोट्या उपाहारगृहात शिरत नाही. तो आधी काचेतून आत पाहतो. मग वळसा घालून मागच्या बाजूला जातो, तिथल्या सामानामागे स्वतःचे पिस्तूल दडवतो, पुन्हा पुढे येतो आणि मगच दारातून आत जातो. आत थोड्या वेळाने तो मागच्या दाराकडे जाऊन येतो आणि निघताना पिस्तूल परत घेतो. डियर्ड्राने विचारल्यावर त्याने दिलेल्या उत्तराचा आशय एवढाच, की बाहेर कसे पडायचे हे माहीत नसलेल्या जागी मी पाऊल ठेवत नाही. पहिल्या वेळी हा प्रसंग सावध माणसाची ओळख करून देणारा वाटतो. दुसऱ्या वेळी लक्ष द्यायचे ते क्रमाकडे: आधी पाहणे, मग परतीची वाट, मग शस्त्र, आणि सर्वांत शेवटी माणसे. पुढच्या दोन तासांत सॅम जिथे जिथे जातो तिथे हाच क्रम पाळतो. पुलाखालच्या शस्त्रखरेदीत संघातला स्पेन्स थेट पुढे चालत जातो आणि सॅम पुढे जायला तयार नसतो, तेव्हा दोघांतला फरक एका शब्दाशिवाय स्पष्ट होतो. शॉन बीनने साकारलेला स्पेन्स खोटा आहे, हे नंतर उघड होते; प्रेक्षकाला ते इथेच कळू शकते.

स्पेन्सचे बिंग फुटते तो प्रसंगही असाच बारकाईने पाहावा. स्पेन्स फळ्यावर हल्ल्याचा आराखडा काढून आपली माणसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी करतो. सॅम त्याला ते पुन्हा काढायला लावतो. इथे थांबवून फळ्यावरच्या खुणा खरोखर पाहाव्यात: समोरासमोर उभी असलेली ही माणसे गोळीबार सुरू होताच एकमेकांनाच टिपतील. मग टेबलावरचा कॉफीचा पेला उडतो, स्पेन्स दचकतो आणि क्षणात सॅमच्या पकडीत सापडतो. त्यानंतर सॅम विचारतो, हेरफर्डच्या बोटघराचा रंग कोणता? हेरफर्ड हे ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या विशेष दलाचे ठाणे, आणि स्पेन्स आपण त्याच दलातले असल्याचे सांगत आलेला. तो निरुत्तर होतो. पुढे व्हिन्सेंट सॅमला सहज विचारतो की त्या बोटघराचा रंग होता तरी कोणता, तेव्हा सॅमचे उत्तर येते की मला काय ठाऊक.

या छोट्याशा देवाणघेवाणीत सगळा चित्रपट वाचण्याची किल्ली आहे, असे मला मनापासून वाटते. सॅम उत्तर मिळवण्यासाठी प्रश्न विचारत नाही. समोरचा प्रश्नाला कसा सामोरा जातो हे पाहण्यासाठी विचारतो. आता कागदावर दुसरी यादी करावी: सॅमने विचारलेले सर्व प्रश्न. पेटीत काय आहे, हे तो विचारतो, पैसे वाढवूनही मागतो, आणि पहिल्या वेळी आपण त्याला व्यवहारी भाडोत्री समजून पुढे जातो. यादी लांबत जाते तसे दिसते की पेटीबद्दलच्या प्रश्नांआडून तो या कामामागचा माणूस कोण, हेच चाचपत असतो. झेनितच्या बाहेर मोटारीत बसलेल्या डियर्ड्राला तो शेवटी खरे सांगतो: तो सीआयए ही अमेरिकी गुप्तचर संस्था सोडून आलेला नाही, आणि त्याला पेटी नको, शेमस हवा आहे. हे कळल्यानंतर मागचा एकही प्रश्न जुन्या अर्थाने ऐकू येत नाही. आर्ल्सच्या आधी आपल्या जुन्या ओळखीच्या माणसाकडून ग्रेगोरचा ठावठिकाणा काढणाऱ्या सॅमचा प्रसंगही याच प्रकाशात पुन्हा पाहावा. ती भेट मदत मागणाऱ्या निवृत्ताची आहे की अहवाल देणाऱ्या चालू कर्मचाऱ्याची, हे ठरवायला चेहरे पुरेसे आहेत.

ग्रेगोर, आणि पेटीवरचा रंग

स्टेलान स्कार्सगार्डने रंगवलेल्या ग्रेगोरसाठी स्वतंत्र बैठक लागत नाही. दुसऱ्याच बैठकीत त्याच्या वाट्याचे प्रसंग वेगळे काढून पाहता येतात. सुरुवातीच्या गोदामातील दृश्यांत तो यंत्रसामग्रीशी खेळत एका बाजूला बसलेला असतो आणि आपली नजर डी नीरोकडे असते. या वेळी ती मुद्दाम ग्रेगोरवर ठेवावी. फ्रँकनहायमर आणि छायालेखक रॉबर्ट फ्रेस यांनी रुंद कोनाची भिंगे वापरून पुढचा आणि मागचा माणूस एकाच वेळी सुस्पष्ट दिसेल असे चित्रण केले आहे. त्यामुळे जो बोलत नाही तोही धूसर होत नाही. त्याच्याकडे बघायचे की नाही हे दिग्दर्शकाने आपल्यावर सोडले आहे. जमल्यास हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहावा असे मी म्हणतो, ते पाठलागांसाठी नाही, या मागच्या माणसांसाठी.

नीसमधील पाठलाग संपल्यावर पेटी सॅमच्या हाती येते, तो क्षण चार-पाच वेळा मागे नेऊन पाहण्यासारखा आहे. पेटीवरचा रुपेरी रंग अजून ओला आहे, हे त्याच्या ध्यानात येते. कोणी काही समजावून सांगत नाही. रंग ओला, म्हणजे पेटी आत्ताच रंगवलेली, म्हणजे ही ती पेटी नाही, म्हणजे खरी ज्याने नेली त्याने ही मागे ठेवली ती नुसती फसवण्यासाठी नव्हे. एवढा सगळा तर्क सॅमच्या डोक्यात जेवढ्या वेळात होतो तेवढ्याच वेळात तो आपण करावा अशी अपेक्षा आहे. तो पेटी भिरकावतो आणि स्फोट होतो. पहिल्या वेळी आपल्याला फक्त स्फोट आठवतो. कथानक दुर्बोध वाटण्याचे कारण अशा चार-दोन सेकंदांत असते, आणि ते चुकले की पुढची वीस मिनिटे हवेत राहतात.

पाठलाग वेगळे पाहावेत

कथेचा धागा हाती आल्यावर एका संध्याकाळी फक्त दोन मोठे पाठलाग पाहावेत: ला त्युर्बी ते नीस, आणि नंतर पॅरिस. फ्रँकनहायमर यांनी १९६६ साली मोटारशर्यतींवर 'ग्राँ प्री' हा चित्रपट केला होता आणि चालत्या मोटारीतील माणूस कसा दिसावा याची त्यांची जाण जुनी होती. 'रोनिन'मध्ये खऱ्या रस्त्यांवर खऱ्या मोटारी वेगाने चालवल्या गेल्या. काही दृश्यांसाठी उजव्या बाजूला चाक असलेल्या मोटारी घेऊन डाव्या बाजूला खोटे चाक बसवले होते; खरा चालक उजवीकडे असे आणि अभिनेता डावीकडे बसून खोटे चाक धरत असे. अभिनेत्यांच्या चेहऱ्यावरचा ताण म्हणूनच एवढा अस्सल दिसतो. कसबी चालकांमध्ये फॉर्म्युला वनमध्ये भाग घेतलेले ज्याँ-पियेर जारिए हेही होते.

एकदा आवाज बंद करून पाहावे आणि एकदा डोळे मिटून नुसते ऐकावे. आवाज बंद असताना कळते की कोणती मोटार कुठे आहे याबद्दल आपण कधीच गोंधळत नाही: पुढची मोटार, मागची मोटार, आतला चेहरा, रस्ता, याच क्रमाने दृश्ये येत राहतात. नुसते ऐकताना कळते की यंत्राचा सूर आणि टायरांचा आवाज हेच तणाव चढवतात आणि उतरवतात. पॅरिसच्या पाठलागात सॅम प्युजो ४०६ चालवतो, डियर्ड्रा बीएमडब्ल्यू, आणि दोन्ही गाड्या समोरून येणाऱ्या वाहतुकीत उलट्या घुसतात. इथे डियर्ड्राचा चेहरा पाहावा. तिच्या निष्ठेतला ताण संवादांत फारसा येत नाही, तो चाकावरच्या तिच्या हातांत आहे.

मधला विसावा वगळू नये

सॅमला गोळी लागल्यानंतर व्हिन्सेंट त्याला ज्याँ-पियेर या आपल्या मित्राच्या घरी नेतो. अनेकजण हा भाग पुढे ढकलतात. तसे करू नये. शरीरातली गोळी काढताना सॅम स्वतः सूचना देतो, यातला थरार आहेच; पण त्याहून मोलाचे आहे ते अभिनेते लोन्सडाल यांच्या शांत ज्याँ-पियेरचे बोलणे. तो ४७ रोनिनांच्या छोट्या मूर्ती रंगवत बसलेला असतो आणि त्यांची कथा सॅमला ऐकवतो. धनी गेल्यावरही धन्यासाठी लढणारे ते योद्धे आणि समोर बसलेला सॅम, यांच्यात साम्य आहे असे त्याला वाटते. सॅमला ते पटत नाही. पहिल्या वेळी आपण ज्याँ-पियेरच्या बाजूने असतो. दुसऱ्या वेळी सॅम बेवारस सामुराई नाहीच, त्याचा धनी जिवंत आहे आणि तो त्याच्याच आज्ञेत आहे, हे आपल्याला माहीत असते. मग शीर्षक नक्की कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते ते व्हिन्सेंटचे आहे. त्याला कोणी पाठवलेले नाही, शेवटी पेटीही मिळणार नाही हे दिसत असते, तरी तो सॅमसोबत राहतो आणि अखेर शेमसवर गोळी झाडतो तोच. ज्याँ रेनोने हे सगळे फार कमी शब्दांत केले आहे. पटकथा जे. डी. झाइक आणि डेव्हिड मॅमेट यांची. मॅमेट यांचे नाव श्रेयनामावलीत रिचर्ड वाइझ असे टोपणनावाने येते. तुटक, अर्धवट सोडलेल्या वाक्यांवर मॅमेट यांची छाप ज्यांना ओळखता येते त्यांना या चित्रपटात ती जागोजागी सापडेल.

झेनितमधील प्रसंगात बर्फावर नाचणारी मिखीची प्रेयसी नताशा ही भूमिका ऑलिम्पिकमध्ये दोनदा सुवर्णपदक मिळवणाऱ्या कटारिना विटची आहे. ग्रेगोर मिखीला सांगतो की मी पैसे घेऊन परतलो नाही तर माझा नेमबाज तिला टिपेल, आणि मिखी तरीही ग्रेगोरला मारतो. गोळीबाराच्या गडबडीत हा निर्णय हातून सुटतो. तो पाहण्यासाठी मिखीचा चेहरा थांबवून ठेवावा.

शेवट आणि पुन्हा सुरुवात

शेवटचा प्रसंग पुन्हा माँमार्त्रच्या त्याच उपाहारगृहात घडतो. रेडिओवर शांतता कराराची बातमी आहे आणि त्यात शेमसच्या मृत्यूचाही वाटा असल्याचा उल्लेख आहे. पेटीत काय होते, असे व्हिन्सेंट विचारतो तेव्हा सॅम आठवत नाही म्हणतो. दार उघडते, सॅम वर पाहतो, आत येणारे कोणी अनोळखी असते, आणि डियर्ड्रा येणार नाही हे व्हिन्सेंट त्याला सांगतो. त्यानंतर सॅम बाहेर पडून आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या मोटारीत बसून निघून जातो.

श्रेयनामावली सुरू होताच थांबवून थेट चित्रपटाच्या पहिल्या दृश्याकडे यावे आणि सॅमला पुन्हा एकदा त्या पायऱ्या उतरताना पाहावे. या वेळी काचेतून आत पाहणाऱ्या त्या माणसाची नजर कोणाला शोधते आहे, एवढेच पाहायचे आहे.